कोटाचं तिसरं बटण

"हलू नका."

बटणांच्या दुकानाचा दरवाजा ढकलला आणि कानावर पहिल्यांदा हे शब्द पडले. बोलणारा कुठे दिसेना. माझा एक पाय आत, एक पायरीवर. छत्रीचं पाणी मनगटावरून बाहीत शिरत होतं. मग खाली पाहिलं. दुकानाच्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर एक माणूस चक्क पालथा पडला होता. हनुवटी टेकलेली, नजर समोर खाली ठेवलेल्या जुन्या वजनकाट्यावर. काटा थरथरत होता, आणि तो माझ्याच पावलामुळे, हे उघड होतं.

"किती वेळ?" मी हळूच विचारलं.

"तो थांबेपर्यंत."

"आणि नाही थांबला तर?"

"थांबतो… समोरच्याने बोलायचं थांबवलं की."

मी थांबवलं. बाहेर बारीक पाऊस, आत भिंतभर बटणांच्या बरण्या, आणि एका अनोळखी माणसाच्या पाठीकडे बघत दारातच अडकून उभी असलेली मी. गेल्या चार महिन्यांत इतकी निवांत मी कुठेच उभी राहिले नव्हते.

काटा स्थिरावला. त्याने आकडा वहीत टिपला, उठला, गुडघे झटकले. वजनमाप खात्याचा निरीक्षक होता तो. दुकानोदुकानीचे काटे तपासून शिक्का मारायचं काम. उंच, समोरच्याशी बोलताना जरासा वाकणारा. आणि हनुवटीवर चार भोकांचा लहानसा गोल ठसा… जमिनीवर सांडलेल्या एखाद्या बटणावर टेकला असणार. सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

मी पिशवीतून बाबांचा कोट काढला आणि काउंटरवर पसरला. तपकिरी, कोपरांवर विरलेला. तिसरं बटण गेलेलं होतं आणि त्या जागी दोऱ्याची दोन टोकं उभी होती. कोट कुणाला तरी द्यायचा होता. आई म्हणाली होती, द्यायचाच तर धड करून द्यावा.

गळ्यात टेप अडकवलेले गोलमटोल दुकानदार पुढे झाले, कोटाची कॉलर बोटांत धरली, आणि त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी काटेवाल्याकडे पाहिलं. काटेवाल्याने माझ्याकडे.

"हा भिंगवाल्यांचा कोट," तो म्हणाला.

मी त्यांची मुलगी, असं मी सांगितलं. चौकापलीकडे आमचं चष्म्याचं दुकान. बाबा काचा घासायचे, मी डोळे तपासून नंबर काढायचे. आता चार महिने दोन्ही मीच करते, हे सांगितलं नाही. तेवढं दोघांनाही ठाऊक असावं.

"असं बटण मिळेल का?" मी विचारलं.

दुकानदारांनी मान हलवली. "असंच कशाला, तेच आहे. पण विकत मिळायचं नाही. ते डावात आहे."

*

बाबा दर शनिवारी तीन वाजता काचा आणायला घाऊक बाजारात जायचे. बावीस वर्षं. तो घाऊक बाजार म्हणजे बटणांच्या दुकानामागची खोली होती. तिथे हिरव्या अस्तराचं कापड ताणून बसवलेलं गोल टेबल होतं, चार खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर एक ताठ मानेच्या बाई पत्ते पिसत बसल्या होत्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाई म्हणायचे आणि दुकानदारांना बटणकाका.

ते पोकर खेळायचे. पैशांनी नाही, बटणांनी. शर्टाचं पांढरं बटण एकाचं, कोटाचं पाचचं, पितळी दहाचं. प्रत्येकाचा आपापला डबा, आणि डबा घरी न्यायचा. हे सगळं हेडबाईंनी मला वर्गात सांगावं तसं सांगितलं. शेवटच्या शनिवारी बाबांचा डबा रिकामा झाला, पत्ते चांगले होते, म्हणून त्यांनी अंगावरच्या कोटाचं बटण तोडून पुढे सरकवलं. त्याची किंमत सगळ्यांनी मिळून पंचवीस ठरवली. आणि बाबा तो डाव हरले.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

काटेवाला खाली बघत होता. "मी." त्याने खिशातून डबा काढला, उघडला, आणि ते तपकिरी बटण माझ्यापुढे धरलं. "घ्या. तुमचंच आहे."

"ठेव ते," हेडबाई म्हणाल्या. "डावातलं बटण डावातच जिंकायचं. भिंगवाल्याला असं फुकट दिलेलं चाललं असतं का? बस ग मुली. खुर्ची रिकामीच आहे."

मी बाबांच्या खुर्चीवर बसले. कोट तिच्याच पाठीवर टाकला. त्याला अजून काच घासायच्या भुकटीचा वास होता.

घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती कणभरही चकित झाली नाही. दर शनिवारी माणूस काचा आणायला जातो आणि रिकाम्या हाताने शिट्टी वाजवत परत येतो, तर बायकोला काय दिसत नसेल, असं तिचं म्हणणं. मग विचारलं नाहीस का कधी? "आनंदात येत होते," ती म्हणाली. "कशाला विचारायचं?"

*

खेळ समजायला सोपा निघाला. डाव सुरू करताना पाळीने दोघांनी मधे एकेक पांढरं बटण ठेवायचं. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे. ते आपले आपण बघायचे. मधे पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. हातातले आणि मधले मिळून ज्याचे पाच पत्ते वरचढ, त्याचा डाव. दर टप्प्याला आपली पाळी आली की बटणं पुढे सरकवायची, म्हणजे बेट; किंवा टेबलावर बोट वाजवायचं, म्हणजे चेक: मी आत्ता काही लावत नाही, चालू दे. कुणी लावलं तर तेवढी भर घालून राहायचं, नाहीतर पत्ते टाकून बाहेर.

अवघड होतं ते एवढंच, की चांगले पत्ते आल्यावर करायचं काय?

वाईट पत्त्यांचं कुणी काही विचारत नाही; ते टाकून देता येतात. पण चांगले पत्ते आले की माझा हातच थांबत नसे. पहिल्या शनिवारी मला दोन एक्के आले. मी बटणकाकांनी उसन्या भरून दिलेल्या डब्यातली अर्धी बटणं एकदम पुढे लोटली. तिघांनीही शांतपणे पत्ते टाकले. जगातले सगळ्यांत चांगले पत्ते घेऊन मी दोन पांढरी बटणं जिंकले.

"अभिनंदन," काटेवाला म्हणाला. "एका कफाची सोय झाली."

त्याची पद्धत उलटी होती. पत्ते जितके चांगले तितका तो गप्प. दुकानातून आमचा रस्ता चौकापर्यंत एकच होता. छत्र्या एकमेकींना लागू नयेत इतपत अंतर ठेवून चालताना मी त्याला विचारलं, असं गप्प राहून काय मिळतं?

"काटा डोलत असताना आकडा वाचला की चुकतो," तो म्हणाला. "मी वाट बघतो. समोरचा स्वतःच्या वजनाने स्थिर होतो."

"आणि समोरचाही वाट बघत असेल तर?"

तो चालता चालता थांबला. छत्रीवरून पाण्याची एक सरळ धार त्याच्या बुटावर पडत होती, त्याचं लक्ष नव्हतं. "हे कधी… तपासलं नाही," तो म्हणाला.

मला हसू आलं. चौकात निरोप घेताना तो वाकून म्हणाला, पुढच्या शनिवारी मला हरवून दाखवा. मी म्हटलं, बटण काढून ठेवा. घरी पोचेपर्यंत लक्षात आलं की मी चार महिन्यांत पहिल्यांदा पुढच्या शनिवारचा विचार करत होते.

बुधवारी तो आमच्या दुकानात आला. डोळे तपासायचे होते. मी त्याला खुर्चीवर बसवलं, चाचणीची चौकट नाकावर चढवली, एक डोळा झाकला, काचा बदलत गेले. हे बरं दिसतं, का हे? हे, का हे? त्याने शेवटच्या ओळीतलं सगळ्यांत बारीक अक्षरही न अडखळता वाचलं. मग दिवा बंद करून मी छोट्या टॉर्चने बुबुळं पाहिली. रोज वीस जणांची पाहते. वीतभर अंतरावरून, श्वास रोखून. त्या दिवशी श्वास जरा जास्तच रोखला गेला.

"समोर बघा."

"समोरच बघतोय."

"माझ्याकडे नाही. तक्त्याकडे."

"तुम्ही मधे आहात," तो म्हणाला.

मी टॉर्च बंद केला. नंबर नाही म्हणून सांगितलं, डोळे उत्तम आहेत, मग कशाला आलात? तो चौकट उतरवून घडी घालत म्हणाला, "तपासून घेतलेलं बरं असतं." आणि गेला. चौकटीच्या दांड्या अजून कोमट होत्या. मी त्या पुसून ठेवल्या… जरा उशिराच.

*

पाचव्या शनिवारी पाऊस थांबला.

हे सांगायचं कारण, मागच्या खोलीचं छप्पर पत्र्याचं होतं. पाऊस असला की एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागे. टेबलावरच्या बोटाचा आवाज तर दूरच. त्या दिवशी खोली शांत होती. मला दोन राजे आले, आणि मधल्या तीन पत्त्यांत तिसरा राजा पडला. बटणकाका आणि हेडबाई बाहेर झाले. राहिलो मी आणि तो. पाळी आधी त्याची.

त्याने बोट वाजवलं. टक, टक.

दोनदा.

माझा हात बटणांवर होता तो तिथेच राहिला. मी कसंबसं एकदा वाजवलं. चौथा पत्ता पडला. टक, टक. मी पुन्हा वाजवलं. पाचवा. टक, टक. मी वाजवलं. पत्ते उघडले. माझे तीन राजे, त्याच्या दोन मोठ्या जोड्या. मधे तीन पांढरी बटणं होती.

"तीन," हेडबाई चष्म्यावरून म्हणाल्या. "एवढाले पत्ते घेऊन दोघांनी मिळून तीन बटणं कमावली. बाळाचं झबलंसुद्धा लागायचं नाही." मग त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे वळल्या. "काय झालं ग? रंग उतरला तुझा."

मी सांगितलं. आमच्या घरी जेवायच्या टेबलावर बाबा काही चांगलं सांगायचं असलं की आधी दोन बोटं वाजवायचे. माझा निकाल लागला तेव्हा. सायकल आणली तेव्हा. दुकानाच्या पाटीवर माझं नाव घालायचं ठरवलं तेव्हा. टक, टक… आणि मग मुद्दाम गप्प बसायचे, आम्ही विचारेपर्यंत. त्यांना स्वतःला ते कधी कळलं नाही.



"इथेही तसंच," बटणकाका म्हणाले. "चांगले पत्ते आले की दोनदा. बावीस वर्षं."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर वाजवायचा थांबला असता," हेडबाई म्हणाल्या. "आणि हा काटेवाला. पत्ते धरायचे कसे, पिसायचे कसे, सगळं भिंगवाल्यानेच शिकवलं त्याला. त्याच्यात हेही आलं. त्यालाही पत्ता नाही. तू बोलू नकोस."

मग त्यांनी मला बाबांचं म्हणणं सांगितलं, आणि ते इतकं त्यांचं होतं की मला त्यांचा आवाजच ऐकू आला. चांगले पत्ते आले की आधी आपले पत्ते बघणं सोडायचं आणि समोरचा माणूस बघायचा. समोर बटणकाकांसारखा बोलघेवडा असेल, ज्याला गप्प राहवतच नाही, तर आपण वाजवायचं. तो आपणहून डबा रिकामा करतो. पण समोरचा आपल्यासारखाच गप्प असेल, तर आपल्या गप्प बसण्याला काही अर्थ नाही. तिथे आपणच बोलायचं. आणि पुढचा पत्ता आपला डाव बिघडवेल अशी शंका असली, तर तो कुणाला फुकट बघू द्यायचा नाही.

"एवढं ठाऊक होतं, तर शेवटचा डाव का हरले?" मी विचारलं.

याचं उत्तर मला चौकाकडे चालताना मिळालं. बाबांकडे तीन एक्के होते. ते वाजवत राहिले, आणि काटेवाला आपला साधेपणाने वाजवत राहिला. त्याला पाच सलग पत्त्यांसाठी एक नव्वी हवी होती, आणि शेवटचा पत्ता नव्वी आला. त्यानंतर बाबांनी सगळं लावलं, बटणसुद्धा.

"हरल्यावर हसले," तो म्हणाला. "म्हणाले, पत्ते चांगले होते, मीच फार वेळ गप्प बसलो… तुम्हाला सांगू की नको, कळत नव्हतं."

"बरं केलंत," मी म्हणाले. आम्ही चौकाकडे चालत राहिलो.  छत्र्या मिटलेल्या होत्या, आणि आमच्यातलं अंतर त्यांच्यामुळे पडायचं तेवढं त्या दिवशी नव्हतं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. दवाखान्यात, शेवटच्या संध्याकाळी, भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली होती. बाबांनी खाटेच्या कठड्यावर दोन बोटं वाजवली. टक, टक. माझ्याकडे बघत गप्प राहिले, मी विचारेन म्हणून. ते दमलेले दिसत होते. मी म्हटलं, बाबा, उद्या सांगा.

*

आठव्या शनिवारी त्याने पत्ते वाटता वाटता सांगितलं, बदली झाली आहे. त्यांच्या खात्यात तीन वर्षांनी होतेच. दूरचं गाव, पुढच्या महिन्यापासून. थांबायचं असेल तर कारणासकट अर्ज करता येतो, मुदत परवाच्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत.

बटणकाकांनी टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळली. हेडबाई म्हणाल्या, "मग?"

"बघतो," तो म्हणाला.

चौकात त्याने मला विचारलं. थेट नाही, बुटाच्या टोकाने एक खडा सरकवत. "तुम्हाला काय वाटतं… करावा अर्ज?"

मला काय वाटत होतं ते माझ्या घशापर्यंत आलेलं होतं. पण त्याने आधी बोलावं. नोकरी त्याची, गाव त्याचं, आणि मी कोण? आठ आठवडे एक बटण जिंकू न शकलेली बाई.

"कामाच्या दृष्टीनं बघा," मी म्हणाले. "जे बरं असेल ते."

"हो," तो म्हणाला. "कामाच्या दृष्टीनं."

तो गेला. मी दुकानात येऊन एका आजोबांचा नंबर तीनदा चुकवला. तिसऱ्यांदा त्यांनीच चौकट उतरवली आणि म्हणाले, पोरी, तुला दिसतंय ना नीट?

*

नववा शनिवार. शेवटचा. पाऊस नव्हता.

दिवसभर कुणाला धड पत्ते आले नाहीत. मग हेडबाईंनी शेवटचा डाव वाटला, आणि मी कोपरा उचलून पाहिलं, तर दोन राण्या. मधे तीन पत्ते पडले: बदामाची राणी, बदामाची सत्ती, किलवरची दश्शी. माझ्या तीन राण्या झाल्या. पण मधे दोन बदाम होते. तिसरा आला तर कुणाचे तरी पाच बदाम होणार. फुकट बघू द्यायचं नाही. मी पाच लावले. दोघं बाहेर झाले. त्याने भर घातली.

चौथा पत्ता: बदामाची दुर्री.

टक, टक.

म्हणजे झाले. पाच बदाम त्याच्याकडे, माझ्या तीन राण्यांहून वरचढ. मी एकदा वाजवलं.

पाचवा पत्ता: इस्पिकची दश्शी. आता माझ्याकडे तीन राण्या आणि दोन दश्श्या होत्या, आणि हे पाच बदामांहून वरचढ. त्याला ते माहीत नव्हतं.

टक, टक. तो गप्प. मी लावेन आणि मग तो वाढवेल, म्हणून वाट बघणारा.

मी समोरचा माणूस बघितला. शर्टाची बाही दुमडलेली, कान जरासे लाल, नजर हिरव्या कापडावर. मी सगळा डबा उपडा केला.

"बोला आता," मी म्हणाले.

त्याने बराच वेळ घेतला. मग आपली सगळी बटणं पुढे केली आणि सगळ्यांत शेवटी, दोन बोटांनी हळूच, ते तपकिरी बटण.

पत्ते उघडले. बटणकाकांनी लांब श्वास सोडला. हेडबाईंनी ते बटण उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटवली.

मी ते जिंकलं होतं. आणि आता मला इथे यायचं काही कारण उरलं नव्हतं.

दोघं मागे पत्ते आवरत बसले; पत्त्यांचा एक जोड आवरायला दोन माणसं लागतात हे मला तेव्हाच कळलं. आम्ही पुढे दुकानात आलो. काउंटरवर तो जुना वजनकाटा होता, त्याच्यावर नवा शिक्का. काटेवाल्याने पिशवी खांद्याला लावली.

"बरं झालं, बटण तुमच्याकडे गेलं," तो म्हणाला.

"हं."

"मग… निघतो."

"हं."

त्याचा हात काउंटरच्या लाकडावर होता. टक, टक.

आणि तो गप्प. माझ्याकडे बघत.

मला खाटेचा कठडा दिसला. घंटा ऐकू आली. उद्या सांगा, असं म्हणणारा माझाच समजूतदार आवाज ऐकू आला.

"काय आहे हातात?" मी विचारलं.

त्याने तळहात पाहिले. "काही नाही."

"दोनदा वाजवलंत."

त्याला कळेना. मग मी सांगितलं, हेडबाईंची मनाई असून. चांगले पत्ते असले की तुम्ही दोनदा वाजवता, एरवी एकदा. बाबांचं तसंच होतं, त्यांच्याकडूनच आलंय तुमच्यात. तो आपल्या बोटांकडे अशा नजरेने बघू लागला, जणू ती परक्या माणसाची होती. लाली कानांवरून मानेत उतरली.

"म्हणजे दोन वर्षं हे दोघं…"

"हो."

"आणि तुम्ही?"

"पाऊस थांबला त्या दिवसापासून."

"सांगितलं नाहीत."

"पहिल्या दिवशी हनुवटीवर बटणाचा ठसा होता. तोही नव्हता सांगितला."

"तो घेऊन मी तीन दुकानं फिरलो," तो म्हणाला. "तिसऱ्या दुकानात आरसा होता."

मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच धीर आला. मी मूठ उघडली आणि बाबांच्या कोटाचं बटण काउंटरवर, त्याच्या हातापुढे ठेवलं.

"पंचवीस," मी म्हणाले. "मी लावलेत. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. कामाच्या दृष्टीनं नाही. माझ्या दृष्टीनं. आता पाळी तुमची. पत्ते टाकायचे तर टाका."

तो हलला नाही. काउंटरवरच्या काट्याची थरथर थांबेपर्यंत तो हलला नाही. मग त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. घड्यांवर तो मऊ पडला होता. खात्याचा अर्ज. नाव, हुद्दा, सही, सगळं भरलेलं. तारीख गेल्या शनिवारची. कारणाची ओळ तेवढी कोरी.

"आठ दिवस खिशात आहे," तो म्हणाला. "तुम्ही काही बोलाल म्हणून थांबलो होतो."

"मी तुम्ही बोलाल म्हणून."

"तीन बटणं," आतून हेडबाईंचा आवाज आला. "हे दोघं आयुष्यभर तीन-तीन बटणांचे डाव खेळणार." आणि मागोमाग बटणकाकांचं शूऽऽ.

त्याने पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

"खरं असेल ते."

"एकच ओळ आहे."

"मग थोडक्यात लिहा."

तो काउंटरवर वाकला. लिहिताना त्याच्या कोपराने काटा पुन्हा डोलायला लागला. मी त्या डोलणाऱ्या काट्याकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी बाबांच्या हातात काय होतं, ते मला कधीच कळणार नाही. आईला विचारलं, तिला ठाऊक नव्हतं. या दोघांना विचारलं. बटणकाका म्हणतात, कुणाची तरी ओळख करून द्यायची असेल, हेडबाई म्हणतात, काही नाही, दुपारी त्याला चहा मिळाला असेल. पण चांगलं होतं, एवढं नक्की. दोनदा वाजवलं होतं.

त्याने कागद माझ्याकडे फिरवला. कोऱ्या ओळीत एकच शब्द होता: कौटुंबिक.

"अजून तसं काही नाही, मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण… चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. लगेच म्हणाले.